कारणाचा रकाना

आमच्या केंद्रात एक लांबडं रजिस्टर होतं. लाल पुठ्ठ्याची बांधणी, कोपऱ्यांना काळं कापड, तलाठ्याच्या कचेरीत असतं तसलं. त्यात पट्टीनं रकाने आखले होते: अनुक्रमांक, तारीख, नाव, गाव, वय, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती. शेवटून दुसरा रकाना होता, ‘मारहाणीचे कारण’. तो आखायला मला कोणी सांगितलं नव्हतं. माझा मीच आखला होता आणि चार वर्षं इमानेइतबारे भरलाही.

हे २००७ सालचं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ला अमलात आला होता आणि त्याची शाई अजून ओली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आमची एक खोली. दोन टेबलं, एक बाकडं, पाण्याचा माठ. मी नुकतीच शिकून आले होते आणि कागद नीट असले की न्याय मिळतो अशी माझी ठाम समजूत होती.

कारणाच्या रकान्यात काय काय होतं ते अजून डोळ्यांपुढे आहे. ‘भाकरी करपली.’ ‘न सांगता बहिणीकडे गेली.’ ‘सासूला उलट बोलली.’ ‘म्हशीची धार काढायला उशीर.’ ‘पोराला ताप, आईचं लक्ष नव्हतं.’ ‘मोबाइलवर कोणाशी तरी बोलत होती.’ पुढे ‘नको म्हणाली’ एवढंच लिहिलेल्या काही नोंदी आहेत. त्यांचा अर्थ लिहिताना मला कळत होता आणि मी पुढचं काही विचारत नव्हते.

एक बाई आली होती, डाव्या अंगठ्याला प्लास्टर. नाव, गाव, वय झालं. मी सवयीनं विचारलं, ‘का मारलं?’ ती गप्प झाली. वर्गात उत्तर आठवत नसलं की पोरं वर छताकडं बघतात तशी छताकडं बघत बसली. मग म्हणाली, ‘आमटीत मीठ...’ आणि थांबली. स्वतःलाच ते पटलं नसावं. शेवटी मलाच म्हणाली, ‘ताई, तुमी लिवा की तुमच्या मनानं काय तरी.’

मी पेन खाली ठेवलं. रकाना रिकामा ठेवायची मला भीती वाटत होती आणि तिलाही. ती माझी अडचण सोडवायला बघत होती.

बऱ्याच वर्षांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची प्रश्नावली हाती आली. नवऱ्यानं बायकोला मारणं योग्य आहे का, असं त्यात विचारतात, आणि पुढे सात प्रसंग देतात: न सांगता बाहेर गेली, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं, वाद घातला, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, त्याला तिचा संशय आला, सासरच्यांचा मान राखला नाही. वाचताना अंगावर काटा आला, कारण हे तर माझं रजिस्टरच होतं. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत देशभरातल्या सुमारे ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी या सातांतलं एक तरी कारण मान्य केलं. बायकांचा आकडा पुरुषांपेक्षा जरा जास्तच. शहरातल्या बैठकांमध्ये हा आकडा सांगितला की लोक हळहळतात, ‘बायकाच बायकांच्या वैरिणी’ म्हणतात. मला ते वाक्य ऐकवत नाही. मार खाणाऱ्या बाईला कारण लागतं. कारण असलं की उद्या ते टाळता येतं. भाकरी करपू द्यायची नाही, धार वेळेवर काढायची. कारणच नसेल, तर उद्याचा मार टाळायला तिच्या हातात काय उरतं?

नवऱ्यांनाही आम्ही बोलावायचो. काही यायचे, काही माणसं पाठवायचे. येणारे बहुतेक एकच वाक्य म्हणायचे: ‘म्या काय उगंच मारलं न्हाई.’ हा ‘उगंच’ शब्द आपल्या भाषेत किती खोल बसलाय ते मला त्या खोलीत कळलं. शेजारीही नवऱ्याची बाजू घेताना तोच शब्द वापरायचे: ‘माणूस चांगला हाय, उगंच हात उचलायचा न्हाई.’ म्हणजे गावाचा कायदा मारण्याच्या विरुद्ध नव्हता, उगाच मारण्याच्या विरुद्ध होता. कारणानं मारलं तर तो संसार, उगाच मारलं तर अन्याय. आणि कारण आहे की नाही ते ठरवायला गाव आणि रकाना घेऊन बसलेली मी.

अंगठ्याला प्लास्टर असलेली ती बाई दीड वर्षात तीनदा आली. दोनदा समझोता झाला. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ‘यापुढे त्रास देणार नाही’ असं लिहून नवऱ्यानं सही केली, चार पंच हजर होते, चहा झाला. गावातल्या तंटामुक्ती समितीचा तेव्हा तंटे मिटवण्यावर फार भर होता, आणि तंटा मिटवणं म्हणजे बाईला परत घरी पोचवणं असाच अर्थ सगळे घ्यायचे. मीही घेतला. एकदा मी तिला म्हणालेही होते, ‘जरा समजून घे, मुलं लहान आहेत.’ तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिच्या कानाला टाके होते.

मग मी तिच्या गल्लीत गेले. दोन घरांना मधली भिंत एकच, वर कौलं, भिंत आढ्यापर्यंत पोचलेलीसुद्धा नव्हती. शेजारच्या आक्कांना विचारलं, तर म्हणाल्या, ‘न्हाई बाई, आमास्नी काय आवाज आला न्हाई.’ त्यांच्या मागं उभी असलेली सून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती. पुढच्या आठवड्यात त्याच आक्का एसटी स्टँडवर भेटल्या. आपणहून जवळ येऊन बसल्या आणि समोर बघत बोलल्या: ‘आवाज आला की मी टीव्ही मोठा करतो. पोरांच्या कानावर नको पडाय.’

आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असं बोलतात. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना त्याची मोठी गंमत वाटते, कोल्हापूरच्या बायका कशा रांगड्या म्हणून कौतुक होतं. आक्काही तशाच बोलत होत्या, पुरुषासारख्या: मी टीव्ही मोठा करतो.

त्या दिवशी केंद्रात येऊन मी रजिस्टर उघडलं, ‘मारहाणीचे कारण’ यावर रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘कोणाकोणाला माहीत होतं?’

हा रकाना कधीच रिकामा राहिला नाही. सासू, जाऊ, दीर, शेजारी दोन घरं, दूध घालायला येणारा पोरगा, आशाताई, भाऊ, शाळेतले गुरुजी, कारण पोरगं निबंधात लिहून बसलं होतं. त्याच सर्वेक्षणात असंही आहे की हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांच्या आसपास बायकांनी कुणाकडे मदत मागितली. बहुतेकींनी कुणाला सांगितलंसुद्धा नाही. सांगितलं नाही हे खरंच असेल. पण माझ्या रकान्यातल्या लोकांना सांगावं लागलंच नव्हतं. त्यांना ते ऐकू येत होतं.

इथून आमचं काम बदललं. खोलीतलं बंद झालं नाही; मारलेल्या बाईला डॉक्टर लागतो, वकील लागतो, रात्रीपुरतं छप्पर लागतं, ते सगळं आधी. पण आभाळच फाटलंय तिथं ठिगळ कुठं कुठं लावणार? आठवड्यातले तीन दिवस आम्ही गावात जायला लागलो.

सुरुवातीला आम्ही भाषणं केली. भाषणं वाईट झाली. बायका पदर डोक्यावरून घेऊन बसायच्या, माना डोलवायच्या आणि परीक्षेला बसल्यासारखी बरोबर उत्तरं द्यायच्या. ‘बायकोला मारणं चूक की बरोबर?’ ‘चूऽऽक.’ मग चहा. एका सहकाऱ्याला दुसरी युक्ती सुचली. दोन गाडगी घ्यायची, तोंडाला फडकं बांधायचं, फडक्याला हात जाईल एवढं भोक. प्रत्येकीच्या एका मुठीत चिंचोके, दुसऱ्या मुठीत खडे. बायकोची चूक असली तर मारलेलं बरोबर वाटत असेल तर चिंचोका टाकायचा, चूक वाटत असेल तर खडा. कुणाला दिसणार नाही कोणी काय टाकलं. हे पहिलं गाडगं. दुसऱ्या गाडग्याला प्रश्न वेगळा: तुझं जाऊ दे, गावातल्या बाकीच्या बायकांना काय वाटत असेल?

मग दोन्ही गाडगी सगळ्यांसमोर सतरंजीवर उपडी करायची. पहिल्यातून खड्यांचा ढीग पडला, मधेमधे चिंचोके. दुसऱ्यातून जवळजवळ नुसते चिंचोके. बायका बघत राहिल्या. कुणी हसलं नाही. मागं भिंतीला टेकून बसलेल्या एका आज्जींनी विचारलं, ‘म्हंजी एकीलाबी पटत न्हाई व्हय? मग गाव गाव म्हंत्यात ते हाय कोन?’

मला या कामातलं जे काही कळलं, ते या प्रश्नात आलं. आपल्याकडं ‘लोक काय म्हणतील’ असं म्हणतात तेव्हा ते लोक म्हणजे शेजारणीच, आणि शेजारणीच्या डोक्यातले लोक म्हणजे आपण. प्रत्येकजण दुसऱ्याच्या धाकानं गप्प, आणि त्या गप्प बसण्याचाच पुन्हा धाक. मनं बदलायला आलोय अशा थाटात आम्ही गेलो होतो. बऱ्याच जणींची मनं आधीच बदललेली होती, ती एकमेकींना दिसत नव्हती एवढंच.

पुरुषांच्या बैठकीत असं गोड चित्र निघालं नाही, ते सांगायलाच हवं. तिथं पहिल्याच गाडग्यात चिंचोके बरेच होते. दुसऱ्यात मात्र त्याहून जास्त. तेवढ्या फरकावर आम्ही तालमीतल्या पोरांबरोबर काम सुरू केलं. माझ्यासमोर ती बोलत नसत, म्हणून एक पुरुष सहकारी गाठला. पुरुषांनी पुरुषांशी या विषयावर बोलावं ही वाट मुंबईत ‘मावा’ या संस्थेनं १९९३पासूनच धरलेली होती, आम्ही काही नवं करत नव्हतो. लाल मातीत अंग घासून बसलेल्या त्या पोरांना आमच्या माणसानं एवढंच विचारलं, ‘घरात बाबा आईवर हात उचलतो तेव्हा तू कुठं असतोस?’ एकजण म्हणाला, ‘माळ्यावर.’ दुसरा म्हणाला, ‘मी बाहेर येतो.’ तिसरा काहीच बोलला नाही. पुढचे चार शनिवार मात्र तो सर्वांत आधी येऊन बसायचा.

गाडग्यांच्या खेळानंतर बायकांनी विचारलं, मग करायचं काय? मी त्यांना ‘बेल बजाओ’ मोहिमेबद्दल सांगितलं. २००८मध्ये टीव्हीवर त्या जाहिराती यायच्या: शेजारच्या घरातून मारण्याचा आवाज येतो, माणूस जाऊन दाराची बेल वाजवतो, काहीतरी क्षुल्लक मागतो, आणि आतला मार थांबतो. बायका म्हणाल्या, आमच्या दाराला बेल कुठाय, दार तर रात्री झोपेपर्यंत उघडंच. मग त्यातल्याच एकीनं तोडगा काढला: ‘इरजण मागाय जायाचं.’

विरजण मागायला कुणी कुणाकडेही जाऊ शकतं. त्याला वेळ नाही, मान-अपमान नाही. भावकीत बोलणं बंद असलं तरी विरजणाला नाही म्हणत नाहीत. नियम असा ठरला की आत जाऊन भांडायचं नाही, उपदेश करायचा नाही. वाटी घेऊन दारात उभं राहायचं, आणि विरजण मिळाल्याशिवाय हलायचं नाही. (आनंदावर विरजण घालतात हे माहीत होतं. भांडणावरही घालता येतं हे तेव्हा कळलं.)

पहिल्यांदा वाटी घेऊन गेल्या त्या आक्काच, टीव्ही मोठा करणाऱ्या. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. घर दुसरं, त्याच गल्लीतलं. नवरा दारात येऊन ओरडला, ‘ही काय इरजणाची येळ हाय?’ आक्का म्हणाल्या, ‘दूध नासाय लागलंय.’ त्यांच्या मागं सून येऊन उभी राहिली, तिच्या हातात पण वाटी. मग समोरच्या घरातली. पाच मिनिटांत दारात चार वाट्या. आतल्या बाईनं फणीनं केस सारखे केले, दह्याचं भांडं आणलं आणि चारही वाट्यांत चमचा चमचा विरजण घातलं. आक्का सांगत होत्या, तिचा हात थरथरत होता, दही काठावर सांडत होतं, आणि नवरा ओट्यावर बसून बिडी पेटवायला बघत होता, ती काही केल्या पेटत नव्हती.

त्या रात्री पुढं काही झालं नाही. त्याची किंमत आक्कांनी भरली. त्यांच्या मालकांना पारावर ऐकवलं गेलं, ‘तुमची मंडळी लई पुढारल्याती.’ संक्रांतीचं हळदीकुंकू दोन घरांनी त्यांना सांगितलंच नाही. पहिल्यानं जो उठतो त्याला हे भरावंच लागतं, आणि आमचं काम बहुतेक एवढंच असायचं की त्या काळात तो माणूस एकटा पडू नये. आम्ही मुद्दाम आक्कांच्या ओट्यावर बैठका घ्यायला लागलो.

विरजण सगळीकडे चाललं असं नाही. एका घरात मार थांबल्याचं आम्ही आनंदानं लिहून ठेवलं. सहा महिन्यांनी कळलं, तो थांबला नव्हता, मळ्यात गेला होता. नवरा तिला पाण्याच्या पाळीला रात्री उसात न्यायचा. तिथं ना भिंत, ना शेजारी. ही बाई आम्ही गमावली नाही, ती आज माहेरी आहे, पण ते सहा महिने आमच्या ‘यशस्वी’ म्हणून टिकमार्क केलेल्या पानावर आहेत. ते पान मी फाडलेलं नाही.

एक गाठ मात्र मला फार उशिरा दिसली. मार खाणाऱ्या बायका पुन्हा पुन्हा म्हणायच्या, ‘मारलं तरी कुकवाला धनी हाय.’ मी ते म्हण म्हणून ऐकत होते. पुढे एका मयताला गेले. नवरा जाऊन तासही झाला नव्हता, आणि त्याच्या बायकोच्या हातातल्या बांगड्या दगडावर फोडत होत्या. फोडणाऱ्या सगळ्या बायकाच. मनगटाला काच लागली, रक्त आलं, तर एकीनं पदरानं पुसलं आणि पुन्हा हात दगडावर धरला. कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सगळ्या रडत होत्या, आणि फोडत होत्या. जिला हे डोळ्यांपुढं दिसतंय ती मार सहन करेल नाही तर काय? मारणारा नवरा गेला तर तिचं जे होणार आहे, ते मारापेक्षा वाईट आहे हे गावानंच तिला दाखवून ठेवलंय.

मे २०२२मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ग्रामसभेत ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. याच करवीर संस्थानात त्यांनी १९१९मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. त्याच महिन्यात राज्य सरकारनं हेरवाडचा कित्ता गिरवा म्हणून सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक पाठवलं. पाठोपाठ आमच्या भागातही ठराव झाले, काही मनापासून, काही फोटोपुरते.

त्यातल्या एका गावात ठरावानंतर तीन-चार महिन्यांनी एक मयत झालं. बांगड्या फोडल्या नाहीत, मंगळसूत्र तसंच राहिलं. आम्ही खूश. वर्षभरानं त्या बाई बाजारात भेटल्या तेव्हा हात मोकळे होते. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, ‘म्याच काढल्या. कुणी फोडल्या न्हाईत. पर हळदीकुकवाला कोन बोलवंना, मग घालून बसू कशाला?’ ठरावानं दगड काढून घेतला होता. आमंत्रण देणं ठरावात बसत नाही. त्या वर्षी संक्रांतीला आक्कांनी आपल्या ओट्यावर गल्लीतल्या सगळ्या बायकांना वाण दिलं, विधवा असोत नसोत. दोघी सुना रागावल्या आणि माहेरी जाऊन बसल्या. आक्कांना बहिष्कार नवा नव्हता. तिळगूळ संपेपर्यंत त्या वाटत राहिल्या. बाजारात भेटलेल्या त्या बाईही आल्या होत्या, शेवटी, अंधार पडल्यावर.

मी आता केंद्रात रोज जात नाही. रजिस्टर संगणकावर गेलंय. नव्या मुली हुशार आहेत, त्यांच्या फॉर्ममध्ये पुष्कळ रकाने आहेत आणि ‘कारण’ नाही, हे मी पहिल्याच दिवशी बघून घेतलं.

हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घराला मधली भिंत असेल. कायदा माहीत असावा म्हणून सांगते. २००५च्या कायद्याच्या कलम ४नुसार हिंसा होते आहे असं ज्याला वाटतं तो कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो; त्यासाठी नातं लागत नाही. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. जिवावर बेतत असेल तर ११२, एरवी महिला हेल्पलाइन १८१. फोन करायचा धीर होत नसेल तर निदान टीव्हीचा आवाज कमी करा आणि वाटी घेऊन जा.